शिजवा म्हणाले तो दिवस

माय, आश्रमशाळेत तू स्वयंपाक करायचीस, आणि पोरांची पंगत बसायच्या आधी तू भाताचा पहिला घास स्वतःच्या तोंडात टाकायचीस. मी सातवीत होते, दाराशी उभी राहून तुझ्या ओठांकडे बघत राहायची. एकदा तू घास थुंकून टाकलास आणि अख्खं पातेलं उकिरड्यावर ओतलंस. मुख्याध्यापक ओरडले. तू एवढंच म्हणालीस, "पोतं उंदराच्या औषधापाशी होतं, सर. मी पोरायले नाई देत." तू आता पडशील, मग पडशील, या भीतीनं मी दिवसभर तुझा पदर सोडला नाही.

तू गेल्यावर काही वर्षांनी मी नागपूरला एका प्रयोगशाळेत लागले. तिथे आम्ही जिवाणूंमध्ये असा बदल करायचो, की सोमलाचं, म्हणजे आर्सेनिकचं, विष भेटलं की ते निळसर चमकावेत. वाळवून लहान बाटल्यांत भरले की कुठेही नेता येत, फक्त थंड ठेवावे लागत. एटापल्लीकडच्या एका गावात तीन घरची माणसं जेवून ओकायला लागली, तेव्हा तांदूळ तपासायला मलाच पाठवलं. भर उन्हाळा, एसटीत थर्मासमधला बर्फ केव्हाच वितळला होता. एका घरात काळं कापड डोक्यावर घेऊन मी बसले आहे, बाटलीत तांदळाचं पाणी. तास झाला, उजेड नाही. बाहेर एक बाई पोरीला कडेवर घेऊन आधणापाशी थांबली आहे. "मंग शिजवू का, बाई?" मी म्हणते, "शिजवा."

नंतर दुसरी बाटली आठवली. तिच्यात आपणच सोमल घालतो. ती चमकली नाही तर जिवाणू मेले समजायचं. ती आधी बघायची असते. बघितली. काळीच होती.

धावत गेले तर भात वाढलेला, पोरीच्या मुठीत घास. मी तिचा हात झटकला. ती भोकाड पसरून रडू लागली.

"आत्ताच त शिजवा म्हणलं ना तुमी!"

"हिनं खाल्लं का?"

"दोन घास. काऊन?"

अंधारून येईपर्यंत मी त्या पोरीसमोर अंगणात बसून राहिले. ती खेळली, झोपली, तिचा श्वास मी मोजत होते. पुढे नागपूरच्या तपासणीत कळलं, तांदूळ चांगला होता, दोष विहिरीच्या पाण्यात होता, आणि तो भात त्याच पाण्यात शिजला होता.

अहवालात मी लिहिलं, बाटल्या उष्णतेनं निकामी झाल्या. 'शिजवा' म्हणाले ते लिहिलं नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुला सांगते. त्या पोरीचं नाव मी मुद्दाम विचारलं नाही. काही झालं असतं, तर ते मला माहीत नको होतं.