एकापुरता श्वास

सोमवार, ३ फेब्रुवारी १९६४, दौंड

सकाळच्या एस.टी.नं शिरूरहून निघालो, दुपारी दौंडला उतरलो. भीमेवर नवा पूल बांधतायत, तिथली प्रथमोपचाराची खोली आजपासून माझ्या ताब्यात! विटांची आहे, चुना नुकताच दिलेला. एक बाक, एक टेबल, कपाटात टिंक्चर आणि पट्ट्या. दारात उभं राहिलं की नदी आणि अर्धे झालेले खांब दिसतात. बायकोला, मरियमला, उद्याच पत्र टाकतो. खोलीला दोन खिडक्या आहेत हे वाचून ती खूष होईल.

मुकादम सर्जेराव यांनी बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. कप माझा तेवढा वेगळा होता, कान तुटलेला. मी त्यातूनच प्यालो. चहा चांगला होता.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पुण्यात महिनाभर शिकलेली नवी रीत आज सगळ्यांना दाखवली. पूर्वी बुडालेल्याला पालथं घालून पाठ दाबायचे. आता उताणं निजवायचं, छातीच्या मधल्या हाडावर तळहात ठेवायचा, कोपर न वाकवता पंधरा वेळा दाबायचं, मग नाक चिमटीत धरून तोंडानं दोन श्वास द्यायचे. पोत्यात भुसा भरून माणूस केला होता. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. माती वाहणारी नकुशी तेवढी पुढे आली. बाईमाणसालाही असंच करायचं का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, जिवाला बाई-पुरुष काही नसतं. तिनं पोत्यावर हात टेकून दाबूनही पाहिलं. चांगलं जमलं तिला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सगळं नीट लिहितो.

खांबाच्या पायासाठी नदीत मातीचा बांध घालून आतलं पाणी उपसतात आणि त्या खड्ड्यात माणसं काम करतात. साडेदहाला बांध फुटला. बाकीचे शिडीनं वर आले, दोघं राहिली: सर्जेरावांचा भाचा मच्छिंद्र आणि नकुशी. दोघांना बरोबरच काठावर आणलं. श्वास दोघांचाही बंद होता.

नकुशी माझ्या जवळ होती. मी तिच्याशेजारी गुडघे टेकले, पाच-सहा वेळा दाबलं असेल. एवढ्यात सर्जेरावांनी माझं मनगट धरलं. आवाज चढवला नाही.

"आधी आमचं पोरगं बघा, रणपिसे. नोकरी कुणाच्या हातात हाय, ते इसरू नका."

मी उठलो. उठताना तिच्या डाव्या हाताचं बोट हललं. मी पाहिलं.

मच्छिंद्रला वीस मिनिटं दाबत होतो. एक बरगडी मोडली, ते तळहाताला कळलं. त्याच्या तोंडात गाळ होता. माझं तोंड त्याच्या तोंडाला लागलं, तेव्हा मात्र कुणाला कप आठवला नाही. शेवटी तो ओकला आणि त्यानं श्वास घेतला. लोकांनी मला उचलून घेतलं. नकुशीकडे दुसरं कुणीच गेलं नव्हतं. शिकवलं होतं मी सगळ्यांना. तिच्यावर पोतं टाकलेलं होतं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

"पाण्यातून काढतानाच मयत." नकुशीच्या मृत्यूचा अहवाल सर्जेराव सांगत गेले, मी लिहीत गेलो. खाली सही केली.

नकुशीची आई कुशाबाई आली होती. लेक लगेच गेली का तडफडली, एवढंच तिला विचारायचं होतं. लगेच गेली, असं मी सांगितलं. ती माझ्या पाया पडली.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

मच्छिंद्र दवाखान्यातून परतला. पट्टी बदलायला माझ्याकडे आला, बाकावर बसला. मग त्याच्याच घोगऱ्या आवाजात, पण खाली मान घालून, बायकी हेलात म्हणाला,

"डाक्टरदादा, माझं बोट हललं व्हतं. तुमी बघितलं."

तो तेव्हा बेशुद्ध होता. मी हे कुणालाच सांगितलेलं नाही. मरियमलाही नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

काल मच्छिंद्र कुशाबाईच्या खोपटात गेला. तिला आई म्हणाला, आणि माझ्या हिरव्या बांगड्या कुठं ठेवल्यास, असं विचारलं. बांगड्या पत्र्याच्या डब्यात आहेत हेही त्यानंच सांगितलं. कुशाबाई आधी दोन पावलं त्याच्याकडे गेली, मग घराबाहेर पळाली. डोक्यात पाणी गेलंय, असं लोक म्हणतात. सर्जेराव त्याच्याकडे बघायचं टाळतात.

शनिवार, २२ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत तो रोज येतो. टेबलावर उताणा निजतो, तोंड उघडं ठेवून. आज मी त्याच्या नाकापुढे आरसा धरला. काच कोरडीच राहिली. छाती हलत नव्हती. डोळे माझ्यावर.

"एकालाच पुरला तुमचा सास," तो म्हणाला. "आता माझा द्या."

मी दिला. काय करणार? छाती वर आली. पण दिलेला श्वास मला परत घेता येईना. संध्याकाळी नदीवरून वर येताना दम लागून तीनदा बसलो.

सोमवार, २४ फेब्रुवारी

खरी हकिगत लिहून सर्जेरावांच्या हाती दिली. त्यांनी वाचली, फाडली. सही तुमची हाय, आधी तुरुंगात तुम्ही जाल, एवढंच म्हणाले.

दुपारी तो आला. दोनदा फुंकायला लावलं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

शिरूरला पळून जायचं ठरवलं. एस.टी.ची पायरी चढता येईना— छातीवर कुणीतरी तळहात टेकलाय असं— लोकांनी उतरवलं, पाणी दिलं. खोलीवर परत येईपर्यंत श्वास नीट आला नाही. तो दारात उभा होता.

गुरुवार, २७ फेब्रुवारी, दुपार

टेबलावर आहे तो. तोंड उघडं— मी अजून गेलो नाही त्याच्याकडे. आधी हे लिहितो. श्वास थोडाच उरलाय—

नकुशी जिवंत होती. तेरा तारखेला, काठावर, जिवंत होती. मी पाहिलं आणि उठलो. सर्जेरावांनी धरलं होतं म्हणून— नाही. खरं लिहितो. बोट हललं तेव्हा मनगट सुटलेलं होतं. ते केव्हाच भाच्याकडे धावले होते. मला कुणीही धरलेलं नव्हतं. मी मोकळा होतो, आणि मी तिच्याकडे पाठ