टक वाजणाऱ्या बॅटचं पेटंट

प्रिय मामा,

वाकून नमस्कार. (तुला सध्या वाकता येत नाही, म्हणून तुझ्या वाट्याचंही मीच वाकलो.) कंबर कशी आहे? डॉक्टरांनी तुला जमिनीवरच झोपायला सांगितलंय, असं आई म्हणाली. ऐकून फार बरं वाटलं. डॉक्टरांचं नेहमी ऐकावं.

तर तू पलंगासकट पडलास तेव्हा त्याचा तुटलेला पाय मी मागून नेला होता, आठवतं ना? त्याची मी सॉफ्टबॉलच्या प्रॅक्टिससाठी बॅट केली. (बेसबॉललाही चालेल, पाय तसा जाडच होता.) आत एक लोखंडी रिंग सरकते. बॅट बरोबर फिरवली की जिथे बॉल लागायला हवा तिथे टक वाजतं. घाई केली तर कानामागेच वाजतं. माझ्या खोलीत मस्त वाजली, म्हणून लगेच पेटंट घ्यायचं ठरवलं. कोच मॅडम मला 'सायंटिस्ट' म्हणतात, पण ते टीममधून काढताना म्हणाल्या होत्या. पेटंटचा कागद दाखवलास तर परत घेते, असंही म्हणाल्या. (हसत म्हणाल्या, पण म्हणाल्या.)

पेटंटचे अर्ज करणाऱ्या एक वकीलबाई शोधल्या. त्यांनी फोनवर एकच गोष्ट बजावली, की अर्ज जाईपर्यंत कोणाला कळता कामा नये. मी लगेच कामाला लागलो. अख्ख्या बिल्डिंगमध्ये दारोदार फिरून एकेकाला शपथ घातली. आता नक्की कशाबद्दल गप्प बसायचंय हे लोकांना कळायला नको का? म्हणून प्रत्येक घरात बॅट फिरवूनही दाखवली. तळमजल्यावरच्या डेंटिस्टनं तर वेटिंग रूममधले सगळे पेशंट आत बोलावले, म्हणजे सगळ्यांची शपथ एकदमच उरकेल.

मग बॅट घेऊन ऑफिसात गेलो. हे ऐकून वकीलबाईंनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसल्या. मग विचारलं, "आणि वाजली का?"

खरं सांगायचं तर एकाही घरात वाजली नाही. रिंग अडकत होती.

"मग वाजणारी बॅट अजून कोणी पाहिलेलीच नाही," त्या म्हणाल्या. "वाचलास. आता मला वाजवून दाखव, की अर्ज करू."

मी आनंदात तिथेच जोरात फिरवली. टक वाजलं, पण ते त्यांच्या टेबललॅम्पचं होतं. बॅटही उभी चिरली. बाकी सगळं ठीक.

तुझाच भाचा,
सायंटिस्ट

ता. क. पत्र वाचून फाडून टाक. मामीला दाखवलंस तर आधी शपथ घाल.

ता. क. २ : दुसऱ्या लाकडांच्या बॅट करून पाहिल्या. सगळ्या धप वाजतात. टक फक्त तुझ्या पलंगाच्या लाकडात आहे. रविवारी करवत घेऊन येतोय. तीन पाय उरलेत, आणि तू तर जमिनीवरच झोपतोस.