जार बसायच्या आधी निघालो

तीर्थस्वरूप काकाजींना साष्टांग नमस्कार.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी आपल्या सांडपाण्याच्या प्लांटवर गेलो, टाकीतलं पाणी काचेच्या उंच जारमध्ये भरलं, टेबलावर ठेवलं आणि निघालो. जार बसायची वाट पाहिली नाही. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडेना, म्हणून लिहायला बसलो. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर तो म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचं काय?

हेल्पर म्हणून आलो तेव्हा तुम्हीच मला ते शिकवलं. हवा सोडलेल्या टाकीतलं गढूळ पाणी जारमध्ये अर्धा तास ठेवायचं, धक्का लागू द्यायचा नाही. गाळ खाली बसून वर निवळ पाणी आलं, की समजायचं, सांडपाणी साफ करणारे ते डोळ्यांना न दिसणारे जीव खुशीत आहेत. तेवढा वेळ तुम्ही माळ काढून नाम घेत बसायचे. मला वाटायचं, हा माणूस जारचीच पूजा करतो की काय? पुढे मीही तसाच बसायला लागलो. देवळात जेवढं मन लागत नाही तेवढं तिथे लागतं.

त्या सकाळी मात्र प्रणाली, आपल्या प्रयोगशाळेतली पोरगी, दारात उभी राहून घाई करत होती.

"निंगा ना भाऊ आता. नागपूरची बस का तुमच्या जारसाठी थांबून राह्यन?"

"हालवू नको बरं त्याले."

"हौ ना. काकाजी गेले, अन् तुम्हीच काकाजी होऊन बसले."

बसमध्ये पवनारचा पूल येईपर्यंत मी हसत होतो. मग परीक्षेची आठवण झाली आणि हसू थांबलं.

काकाजी, ही परीक्षा मी तुमच्या हयातीतच द्यायला हवी होती. नवीन ठेका आला आणि नियम आला, की दहावी पास आणि प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र असल्याशिवाय कोणालाही पाळी सांभाळता येणार नाही. तुमची शाळा चौथीत सुटलेली. प्लांट सुरू झाला त्या दिवसापासून टाकीपाशी असलेल्या माणसाला त्यांनी बगिच्यात पाठवलं. तुम्ही तक्रार केली नाही. साफ झालेलं पाणी तुम्ही जास्वंदीला घालायला लागलात आणि म्हणालात, "आपलंच पाणी हाये, आता त्याचं फळ पाहून राह्यलो."

पण मला ते सोसलं नाही. मी गावच्या शाळेतला का होईना, दहावी पास. साहेब म्हणाले, वामनराव, तुम्ही जा ट्रेनिंगला. मी कधी पेरणीचं कारण सांगितलं, कधी आईच्या गुडघ्यांचं. तुमच्या जागेवर मी बसायचं? ते माझ्याने होणार नव्हतं. तुम्हाला कारण बरोबर कळलं होतं. एकदा झारी खाली ठेवून तुम्ही माझ्यासमोर उभे राहिलात.

"काऊन बे, ट्रेनिंगले काऊन जात नाई?"

"पुढच्या वर्षी जातो, काकाजी."

"माह्या नावानं उपास करून राह्यला का तू? तुह्या उपासानं माहं पोट भरते का?"

पुढच्या वर्षी तुम्ही नव्हता.

तुमच्या जागी बाहेरून आणलेला ऑपरेटर या उन्हाळ्यात दुसरीकडे गेला. मग साहेबांनी स्पष्टच सांगितलं, "दसऱ्यापर्यंत सर्टिफिकेट आणा. नाही तर मी नवीन माणूस आणतो आणि तुम्ही बगिच्यात." बगिच्याचं मला वाईट वाटलं नाही. पण तुम्ही नाही आणि मीही नाही, मग त्या टाकीपाशी आपल्यातलं कोण राहणार? त्या विचाराने नाव नोंदवलं.

प्रशिक्षणाच्या वर्गात सगळ्यात म्हातारा मीच. बाकीची पोरं आयटीआयची. शिकवणाऱ्या मॅडम शांतपणे, एकेक गोष्ट दोनदा सांगायच्या. पुष्कळसं ओळखीचं होतं. तुम्ही ज्याला "पाण्याची भूक" म्हणायचे त्याला, म्हणजे घाण पाण्याला लागणाऱ्या प्राणवायूला, तिथे दुसरं नाव होतं, आणि ती मोजायची रीत होती. एखाद्या पाहुण्याला आपण वर्षानुवर्षं टोपणनावाने हाक मारावी आणि एक दिवस त्याचं खरं नाव कळावं, तसं वाटायचं.

मग एक दिवस मॅडमनी विहिरीचा विषय काढला. सांडपाणी पहिल्यांदा येऊन पडतं ती, पंप बसवलेली खोल विहीर. त्या म्हणाल्या, "तिथला वायू वाढला की नाक बधिर होतं. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असं समजू नका. तीच सगळ्यात धोक्याची वेळ."

माझ्या हातातला पेन तिथेच थांबला.

काकाजी, तुम्ही मला काय शिकवलं होतं? "वास आला की थांब. वास गेला की उतर." पंपात चिंध्या अडकल्या की तुम्ही देवाचं नाव घ्यायचे आणि शिडीने खाली उतरायचे. मी वर उभा राहून तुमच्यासाठी तेच नाव घ्यायचो. एकदा तुम्ही वर आलात ते गरगरतच, भिंतीला टेकून उलटी केलीत. मी घाबरलो तेव्हा म्हणालात, "काई नाई रे, एकादशी हाये आज. उपास बाधला." मी तुम्हाला लिंबूपाणी दिलं आणि आपण दोघांनीही ते खरं मानलं. तो उपास नव्हता, काकाजी. हे तुम्ही चुकीचं करत होता, आणि तुम्ही करता म्हणून मला ते बरोबर वाटत होतं. तुमच्यावर रागावायची माझी ही पहिलीच वेळ असेल. तुम्ही पुढे कितीतरी वर्षांनी घरच्या खाटेवर, सुनेच्या हातचं पाणी पिऊन गेलात, ही देवाची केवढी कृपा! त्या दिवशी वर्गात मी मनातल्या मनात हात जोडले.

आणि तेव्हाच मनातली गाठ सुटली. मी समजत होतो, हे प्रमाणपत्र म्हणजे तुमचा अपमान. खरं तर ते शिक्षण तुम्हालाच कोणीतरी पहिल्या दिवशी द्यायला हवं होतं. प्लांट सुरू करून देणारे इंजिनिअर बटणं दाखवून निघून गेले. बाकीचं तुम्ही नाकाने, डोळ्यांनी आणि श्रद्धेने शिकलात. त्यातलं बरंच बरोबर निघालं. जे चुकलं ते जिवावरचं होतं.

परीक्षेत प्रॅक्टिकलच्या वेळी मॅडमनी मला विचारलं, "टाकीतली हवा बराच वेळ बंद राहिली तर काय होईल?"

काकाजी, मला हसूच आलं. त्या म्हणाल्या, काय झालं? मग मी आपला पहिला दसरा सांगितला. पोळ्याला बैलाला जुंपत नाहीत, तसं वर्षभर राबणाऱ्या मशीनला दसऱ्याला आराम द्यायचा, असं तुमच्या मनाने घेतलं. सकाळीच टाकीत हवा सोडणारे दोन्ही ब्लोअर बंद केले. धुतले, पुसले, हळदकुंकू लावलं. झेंडूचे हार माझ्या घरचे होते. दिवसभर आणि रात्रभर प्लांट इतका शांत, की पाखरांचा आवाज यायला लागला. आपल्याला वाटलं, किती छान. दुसऱ्या दिवशी टाकी काळी पडलेली, सडक्या अंड्याचा वास, आणि जारमधलं पाणी काही केल्या निवळेना. तुम्ही स्वतः साहेबांसमोर जाऊन उभे राहिलात. "पोयाच समजलो मी साहेब. मशीनले आराम देल्ला, अन् जीव गुदमरवले." मग दुसऱ्या प्लांटवरून टँकरने गाळ आणून टाकीला पुन्हा विरजण लावावं लागलं.

खोलीतली पोरं हसली, मॅडमही हसल्या. मग त्यांनी विचारलं, "आता पूजा कशी करता?"

"दोन ब्लोअर आहेत मॅडम. चालू असतो त्याला लांबून नमस्कार. आराम करतो त्याला हार."

"म्हणजे स्टँडबायची पूजा."

"हो."

बाहेर आलो तर फोनवर प्रणालीने जारचा फोटो पाठवला होता. खाली गाळ, वर काचेसारखं पाणी. खाली लिहिलं होतं, "तुमच्याशिवाय पण बसला, भाऊ." दोन पोरं आणि मी मिळून टपरीवर चहा घेतला. तेवढा गोड चहा मी बऱ्याच दिवसांत प्यायलो नव्हतो.

मी पास झालो, काकाजी. प्रमाणपत्र दसऱ्याच्या आधी हातात आलं. दसऱ्याला ते देव्हाऱ्यात ठेवलं नाही, आईने म्हटलं तरी. आराम करणाऱ्या ब्लोअरजवळ ठेवलं आणि हार घालताना तुमचं नाव घेतलं.

तुम्हाला शब्द देतो. माझ्या पाळीत त्या विहिरीत कोणीही नुसत्या नामाच्या भरवशावर उतरणार नाही. आधी वायू मोजायचं यंत्र उतरेल, मग कमरेला दोरी, वर दुसरा माणूस, आणि नंतर देवाचं नाव. नाम सोडायचं नाही, फक्त त्याला एकट्याला कामाला लावायचं नाही. जारपाशी मात्र पूर्वीसारखाच बसेन.

आज सकाळी विहिरीच्या झाकणाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला बांधली. मग फळ्यापाशी गेलो. "सकाळची पाळी, ऑपरेटर" याच्यापुढची जागा कधीची रिकामी होती. खडू घेतला आणि तिथे माझं नाव लिहिलं.

तुमचा,
वामन
ऑपरेटर