आहेर घ्यायच्या आधी

आबा, काल लोहाऱ्याला गेले होते. तहसीलच्या रस्त्याला मी नकाशा काढलेली एक तीन मजली बिल्डिंग आहे. गच्ची गळतेय म्हणून बोलावणं आलं होतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, ती बिल्डिंग तुम्ही पाहिली नाहीत, हे एका परीनं बरंच झालं.

मला माकणीचं तुम्ही बांधलेलं ते घर आठवतंय. मी आठवीत असेन. वास्तुशांतीला मालकानं तुमच्यापुढं टॉवेल, टोपी, नारळ धरला आणि तुम्ही हात पुढं केलाच नाहीत. आधी सरळ स्वयंपाकघरात शिरलात. चूल पेटलेली, धूर बाहेर जायचा सोडून आतच घुमतोय, मालकीणबाई पदरानं डोळे पुसतायत. बाहेर येऊन तुम्ही म्हणालात, "टोपी ऱ्हाऊ द्या. धुराडं चुकलंय माझं." पंगतीत पाहुणे बसलेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. येताना एसटीत मी फुगून बसले होते. "झालं की घर. कोण बघतंय धुराडं?" तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "ती बाई बघती की रोज. गवंड्यानं आहेर घ्यायच्या आधी घर फिरून बघावं." मग चार दिवस पदरमोड करून तुम्ही ते धुराडं पाडून परत बांधलंत आणि त्यानंतर टोपी घेतलीत.

लोहाऱ्याच्या नकाशात मी मधोमध चौक सोडला होता, उजेडासाठी, वाऱ्यासाठी. बिल्डर काही वाईट माणूस नव्हता. रान विकून, वर बँकेचं कर्ज काढून या धंद्यात उतरलेला. माझ्यासमोर बसून, घाम पुसत म्हणाला, "मॅडम, चौक लई चांगला हाय, मला काय कळत न्हाय व्हय? पण त्यात माझे तीन फ्लॅट बुडत्यात. बँक ऱ्हातं घर घिऊन जाईल." मी आठवडाभर डोकं फोडलं. अरुंद चौक, एका बाजूचा चौक, सगळं करून पाहिलं, पण त्याचं गणित बसेना. शेवटी चौकाच्या जागी भिंतींमधला हातभर रुंदीचा डक्ट उरला आणि आतल्या फ्लॅटच्या स्वयंपाकघराची खिडकी त्यात उघडली. त्याचं घर वाचलं. त्याचा मला आजही राग येत नाही, राग येतो तो माझाच.

वास्तुशांतीला त्यानं मला शाल-नारळ दिला. आतल्या फ्लॅटकडं माझे पाय वळले नाहीत. जिन्यापासूनच परत फिरले.

काल गच्चीवरून उतरताना त्या आतल्या फ्लॅटचं दार उघडं होतं. बाहेर ऊन रणरणतंय आणि आत एक बाई बल्ब लावून भाकरी थापतेय. मला बघून तिनं पाणी दिलं. म्हणाली, "कुणी काढलाय ओ ह्याचा नकाशा? त्याला म्हणावं, एकदा यिऊन हितं भाकरी करून बघ." तिच्या आवाजात भांडणसुद्धा नव्हतं. मी तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "माहीत नाही बाई."

आबा, माकणीला भर पंगतीत तुम्ही जे बोललात, ते मला एका बाईसमोर बोलता आलं नाही. हा कागद तुमच्या थापी-ओळंब्याच्या डब्यात घडी घालून ठेवतेय, दुसरीकडं कुठं पाठवणार? आणि ती शाल मी परत केलेली नाही. थंडीत अंगावर घेते. चांगली ऊबदार आहे.