शक्यता : १

बुध. ५ फेब्रु.
तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यासाठी गॅसगळतीचा इशारा देणारं सॉफ्टवेअर, आणि तपासायला चार दिवस! सगळं होणं अशक्य. प्रत्येक बाबीला दोन आकडे दिले, एक ते पाच : बिघडायची शक्यता, आणि बिघडलं तर नुकसान. गुणाकार मोठा ते आधी. आमचे मॅनेजर पाटकरसाहेब (पा. सा.) खूश. ऑफिसातल्या दोन्ही डिग्रीवाल्यांना हे सुचलं नव्हतं. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही, पुस्तकं आणून शिकलो. असो.
'सेन्सर मध्येच काढून पुन्हा जोडला' : नुकसान ५, शक्यता १. तळाला टाकलं. चालू कारखान्यात सेन्सर कोण काढतंय?

रवि. ९
वरचं सगळं तपासून झालं, तळाचं राहिलं. अहवालावर माझी सही. काल संध्याकाळी कारखान्यात बसवलंसुद्धा.
आज करंजाड्यात आमच्या बिल्डिंगखाली ओळखीचा मोरेश्वर भेटला. आपटा गावचा, त्याच कारखान्यात ऑपरेटर. सहज विषय निघाला.
"दादा, शनिवारी फरशी धुताना वाफेनं जुनं मशीन लय बोंबलायचं. म्हनून आमी सेन्सरची वायरच काढतो. धुवून झालं की परत लावायची."
"दर शनिवारी?"
"मग! समद्यांना ठावं हाय."
समद्यांना. मला सोडून. एकदा जाऊन विचारलं असतं तर

सोम. १०
ऑफिसात वायर काढली, पुन्हा लावली. पडद्यावर काढण्याआधीचाच आकडा, हिरवा. चाचणीचा गॅस सोडला, तरी हिरवाच. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच. सिस्टीम पूर्ण बंद करून चालू केली की ठीक.

मंगळ. ११
पा. सा. : "शक्यता एक कुणी लिहिली? तुम्हीच ना? पुढच्या व्हर्जनमध्ये बघू." कारखान्याला पत्र द्या म्हटलं, तर म्हणे, पत्र म्हणजे चूक कबूल.
स्वतःच कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसरला फोन केला. "कंपनीचं पत्र येऊ द्या." ठेवला.

गुरु. १३
मोरेश्वरला सगळं सांगितलं. वायर काढू देऊ नकोस. काढलीच तर नंतर सिस्टीम बंद-चालू करायला लाव.
"बंद करायचा पासवर्ड सायबाकडं. वायर काढायला सुपरवायझर सांगतो. त्याला मी शिकवू?" मग हसून, "मंग काय करू दादा, कामावर नको जाऊ?"
जाऊ नकोस म्हणायला हवं होतं. म्हटलं, जपून राहा.
जपून म्हणजे काय करायचं, ते त्यानं विचारलं नाही. मलाही माहीत नाही.

शनि. १५
मोरेश्वर पहिल्या पाळीला गेला. फोन गेटवरच जमा करतात, तरी दोनदा लावला. पा. सा. उचलत नाहीत. सेफ्टी ऑफिसरना आज सुट्टी.
माझ्या प्रतीत शक्यता १ खोडून ५ केली. गुणाकार पंचवीस. यादीत सगळ्यात वर.
दहाला धुवायला घेतात. आता सव्वादहा.