उशीच्या अभ्र्यातली ब्लॉडवेन

ट्रेऑर्की, वेल्स
रविवार

प्रिय नेरिस,

ब्लॉडवेनबद्दल तुझा नवरा तुला काहीही सांगो, आधी माझं ऐक.

सप्टेंबरात तुमच्या घरून तिला उशीच्या अभ्र्यात घालून आणली, तेव्हा बसमध्ये मांडीवर तिचं वजनच जाणवेना. एवढ्या वयाची अजगराची मादी खरं तर दोन्ही हातांनी सावरावी लागते. घरी उजेडात पाहिलं तर पाठीचा कणा घराच्या आढ्यासारखा वर आलेला, डोळ्यांवर जुनी कात तशीच चिकटलेली. लॉइड दारात उभं राहून म्हणाला होता, "नखरेल आहे हो, सासूबाई. भूक लागली की खाईल झक मारत. तुम्ही हिला जरा फुगवा, तुमचा नर लावा, पिल्लं निम्मी-निम्मी." आम्ही अजगरवाले असे ठराव नेहमीच करतो. आणि खोटं कशाला बोलू, मलाही मोह झाला. असल्या लोण्याच्या रंगाची मादी मला जन्मात मिळाली नसती.

मग मी गाढवपणा केला. दया आली म्हणून आल्या दिवशीच तिला फ्रीझरमधला चांगला थोराड उंदीर गरम पाण्यात कोमट करून दिला. तिने गपकन गिळला. मी आनंदाने तुझ्या एमरिसमामाला फोन केला, तर तो माझ्यावरच खेकसला, "अगं ग्लेनिस, उपाशी आतड्यात लग्नाचं जेवण कोंबलंस? इतकी वर्षं साप पाळून हेच शिकलीस होय?" दोन दिवसांनी तो उंदीर सगळाच्या सगळा बाहेर आला. वास असा सुटला की शेजारच्या प्रॉसरबाई खिडक्या लावून बसल्या. उलटी झाली की अजगराला दोन आठवडे काही द्यायचं नसतं, हातही लावायचा नसतो. म्हणजे मरायला टेकलेल्या जिवाला मी आणखी उपाशी ठेवलं. रोज सकाळी तिच्या पेटीचं झाकण उघडलं की आधी ती हलते का ते बघायची. पुढे बोटाच्या पेराएवढं उंदराचं पिल्लू दिलं, तर तिने तोंड फिरवलं. पुन्हा थांबले, पुन्हा दिलं, पुन्हा तेच. नेरिस, त्या पेटीसमोर मी रडले गं.

शेवटी एमरिसने येऊन पेटीवर टॉवेल टाकला आणि मला खोलीबाहेर काढलं. "तू टक लावून बसतेस म्हणून ती खात नाही. जा, चहा टाक." तासाभराने पाहिलं तर पिल्लू गायब! मी त्या म्हाताऱ्याला मिठीच मारली. त्यानंतर ती नेमाने जेवते आहे. अंग भरतंय, पण आत्ता कुठे.

आणि लॉइडला थंडी सुरू व्हायच्या आत नर लावायचा होता. अंडी धरली की मादी महिनोन् महिने जेवत नाही, ही या अशक्तपणात नक्की मरेल, हे मी त्याला फोनवर परोपरीने सांगितलं. म्हणाला, "मेली तर मेली, अंडी तर मिळतील! तुम्हाला जमत नसेल तर शनिवारी येऊन घेऊन जातो, माझ्या मित्राकडे नर आहे." काल आला. मी म्हटलं, ती परवाच गेली, बागेत पुरली. चॅपलमध्ये वाढलेली बाई मी, पण जीभ जराही अडखळली नाही. त्याने कुठे पुरली तेसुद्धा विचारलं नाही, उबेचा दिवा तेवढा मागून नेला. ब्लॉडवेन एमरिसच्या न्हाणीघरात मजेत आहे. तू यातलं काही बोलू नकोस.

हे फोनवर का नाही सांगितलं, तुझ्या कामावर, बेकरीत, प्रॉसरबाईंच्या हाती पत्र का पाठवलं, ते तुला कळलं असेल. तुझा फोन तो बघतो. सप्टेंबरात तुमच्याकडे जेवताना तू दुसरा बटाटा घ्यायला हात पुढे केलास, त्याने नुसती मान वर केली, आणि तू हसून हात मागे घेतलास. तुझा स्कर्ट कमरेला पिनेने आवळलेला होता. आणि मी बसमधून आणली ती फक्त ब्लॉडवेन. त्याच्या त्या फोनपासून मला झोप नाही. गुरुवारी दुपारी एमरिस त्याची गाडी घेऊन बेकरीच्या मागच्या दाराशी थांबेल. सामान काही घेऊ नकोस, कोट घाल आणि बाहेर पड. नाही जमलं तर त्याला एक पाव देऊन परत पाठव. तो काही विचारणार नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा येईल, त्याच्या पुढच्याही गुरुवारी येईल.

तुझीच,
आई