लावण्याचा पंप

मंगळवार, १९ ऑगस्ट

पुन्हा बसली! आठशे मीटरची दुसरी फेरी, अर्ध्यावर लावण्या खाली. छातीतून शिट्टी, ओठ निळसर. वॉर्मअपच्या पंधरा मिनिटं आधी माझ्या देखत दम्याचा पंप घेतला होता पोरीनं! शाळेच्या औषधपेटीतला पंप दिला, तेव्हा कुठे सावरली.

हेडमास्तर वैद्यनाथ सर म्हणाले, "कनकलता मिस, धावण्यातून तिचं नाव कमी करा. कोलम स्पर्धेला घाला की तिला." कोलम! जिल्ह्यात पहिल्या तिघींत येणारी पोर रांगोळी घालत बसवू? तिच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय — औषध नीट घ्या आणि खुशाल पळा. पण वाचतो कोण!

देवनागरीत लिहिते ते बरं. आमच्या तमिळ शाळेत एकालाही वाचता येत नाही. गाढव आहेत सर!!

बुधवार, २०

लावण्याला फैलावर घेतलं. "पेटीतल्या पंपानं बरं वाटतं आणि तुझ्या पंपानं नाही? नुसता तोंडाला लावतेस. नाटकं सगळी!"

"नाही मिस, खरंच ओढते." रडली. रडू दे. २९ला जिल्हा स्पर्धा, सर उद्या यादी पाठवणार, आणि ही खोटं बोलते!

गुरुवार, २१

खोटं नव्हती बोलत.

सकाळी तिचा पंप हिसकावून हवेत दाबला. फवारा नाही. दोन थेंब पाणी!

तशीच तिच्या घरी गेले, राजवाड्यामागच्या गल्लीत. तिची आई कृष्णवेणीअक्का आमच्या लांबच्या नात्यातल्या. शांतपणे सांगतात कशा, "मी रोज धुते की. आतल्या डबीसकट गरम पाण्यात बुडवून ठेवते. तोंडाला लागलेलं, उष्टं! देवाच्या कपाटाशेजारी तसंच कसं ठेवायचं?"

उष्टं! डोक्यात तिडीक गेली. "अक्का, तुमच्या सोवळ्यापायी पोर घुसमटून मरेल!" ओरडलेच मी. शेजारच्या खिडक्या उघडल्या. उघडू देत! मग सांगितलं — धातूची डबी काढून ठेवायची, तिला पाणी लावायचं नाही. प्लास्टिक तेवढं आठवड्यातनं एकदा धुवायचं, पुरतं वाळवायचं.

अक्का म्हणाल्या, "डॉक्टर म्हणाले स्वच्छ ठेवा. मी ठेवला. कसा ते मला कोणी सांगितलं का गं?"

नाही सांगितलं. मीसुद्धा नाही. राग मात्र जाईना. नवा पंप आणला आणि डॉक्टरांची चिठ्ठी सरांच्या टेबलावर आपटली. त्यांनी लावण्याचं नाव यादीत ठेवून सही केली.

शुक्रवार, २९

तिसरी आली! शिट्टी नाही, खोकला नाही. अक्का कुंपणाला धरून "ओडु, ओडु! पळ, पळ!" ओरडत होत्या, पदराचं भान नव्हतं. सर सगळ्यांना सांगत फिरत होते — आमची मुलगी! बेशरम!

शनिवार, ३०

काल एक लिहिलं नाही. बक्षिसाच्या वेळी वासुकी भेटली, धाकट्या बहिणीला धावायला घेऊन आली होती. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या फेरीत बसायची म्हणून, सगळ्यांसमोर नाटकी ठरवून, मीच तिला संघातून काढलं होतं.

लावण्याच्या हातातल्या पंपाकडे बघत म्हणाली, "मलाही आता हाच दिलाय, मिस. दवाखान्यात भरती केलं तेव्हा कळलं."